शेवटचा भुरका

“अप्पा, भुरका मारू नका. इथे तो असभ्यपणा समजतात,” मुलगा श्रीरंग चौथ्यांदा कुजबुजला, तेव्हा वासुदेवशास्त्री मनातून पुरते वैतागले. क्योतोमधील त्या चिमुकल्या चहागृहात तासभर वज्रासनात बसून त्यांचे गुडघे ठणकत होते. बशी नाही, साखर नाही, आणि आता ओठांवरही बंदी.

समोर यजमानीण, म्हणजे श्रीरंगने पसंत केलेल्या आयाकोची आई, मान लववून बसली होती. लेक श्रीरंगच्या घरात द्यावी की नाही, हे ती आज पाहुण्यांच्या चहापानावरून ठरवणार होती.

विधीचे मर्म मात्र शास्त्रीबुवांना कळले होते. पात्र दोन्ही हातांनी उचलावे, किंचित फिरवावे, त्याच्या दर्शनी बाजूला ओठ लावू नयेत. ही तर पूजाच. म्हणून तो कडू हिरवा फेस त्यांनी आचमनासारखा निःशब्द घेतला. तळाशी घोटभर उरला.

यजमानीण वाट पाहत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उतरला. आईशेजारची आयाको पुढे वाकून श्रीरंगच्या कानात काही बोलली आणि तो ओशाळला.

“अप्पा, शेवटचा घोट आवाज करूनच घ्यायचा असतो. नाहीतर चहा रुचला नाही असे मानतात.”

“गाढवा,” शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, “साठ वर्षांची साधना, तीच नेमकी सोडायला लावलीस.”

मग पात्र ओठांना लावून त्यांनी मनसोक्त भुरका मारला. यजमानिणीने चटईला कपाळ टेकवले आणि हसऱ्या चेहऱ्याने लेकीला श्रीरंगच्या शेजारी बसण्याची खूण केली.