वैभवीच्या गाडीचा चेंबर

केनवडच्या भागवत इंगळ्यांची मुलगी वैभवी तापानं गेली, तेव्हापासून तिची जुनी कार अंगणात विटांवर उभी होती. बॅटरीही काढून घरात ठेवलेली. वर्ष सरलं. गाडी गंजू द्यायला मन होईना, म्हणून भागवतनं स्वतःच इंजिन खोलायला घेतलं.

काल त्यानं आतलं ऑइल काढलं. ते गारढोण होतं, काकवीसारखं घट्ट. आज सकाळी गाडीखाली शिरून त्यानं इंजिनाच्या बुडाच्या ऑइल चेंबरचे बोल्ट सोडवले. चिकटून बसलेला चेंबर उचकटून हातात घेतला, आणि चटका बसला तसा टाकून दिला.

आवाज ऐकून त्याची बायको विजयमाला बाहेर आली. "काय झालं?"

"चेंबर गरम हाय. दुरून चालवून आणल्यावानी."

"बॅटरी तं घरात हाय."

"थेच तं."

विजयमालानं वाकून चेंबरला तळहात लावला. भाजत होतं, तरी तिनं हात काढला नाही. डोळ्यांतून पाणी गळत राहिलं.

"लय लांबून आली असन पोरगी," ती म्हणाली. मग घराच्या उघड्या दाराकडे पाहत तिनं आवाज खाली आणला.

"हाक नका मारू तिले. दमली असन."