पितळी वाटीतला भात

दार बोटभर उघडून तोमोहिसाने ट्रे आत ओढला आणि तो बघतच राहिला. रोजच्या वाडग्याच्या जागी अंगठ्याएवढी पितळी वाटी होती. तिच्यात टोक काढून रचलेला भात. शेजारी दोन घोटांचा चहा. मासा नाही, मिसोचं सूप नाही, जेवायच्या काड्याही नाहीत.

वाटी त्याने लगेच ओळखली. लहानपणी खालच्या खोलीत आजोबांच्या फोटोपुढे ती रोज सकाळी ठेवली जायची; आता बाबांच्या फोटोपुढे जात असणार. म्हणजे पितरांचं पान आज त्याच्या दारात आलं होतं.

चूक झाली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण भाताच्या बाबतीत आई कधी चुकत नसे. मग काय सांगायचं होतं तिला? नऊ वर्षं दाराआड बसलेला पोरगा मेल्यातच जमा, असं? चौतीस वर्षांचा घोडा, पण त्याने ट्रे दोन्ही हातांनी दूर सारला. राग यावा की भीती वाटावी, तेच कळेना. गेल्या आठवड्यात धुतलेल्या कपड्यांबरोबर बाबांचा राखाडी, बटणांचा स्वेटर दारात आला होता. बाहेर बर्फ पडत होतं, म्हणून काही न विचारता त्याने तो चढवला होता. आता तोही अंगाला टोचायला लागला.

जन्मभर छापखान्यात राबलेले बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या दिवशीसुद्धा तो खाली उतरला नव्हता. पडद्याच्या फटीतून त्यांना नेणारी गाडी वळणापलीकडे जाताना तेवढी बघितली. त्याची लाज अजून वाटायची, आणि लाज वाटली की तो कॉम्प्युटरवर ती अॅनिमे मालिका लावायचा. तीही अशाच एका, स्वतःला कोंडून घेतलेल्या पोराची. अकरा वेळा बघून झाली होती. शेवटच्या भागात तो पोरगा दार उघडून खाली येतो आणि "उशीर झाला मला, आई," एवढंच म्हणतो. आईच्या हातातला डाव गळून पडतो, चेहरा उजळतो, ती त्याला पोटाशी धरते. आपण उतरू तेव्हा असंच होणार, हे तोमोहिसाने मनाशी धरून ठेवलं होतं. वाक्यही तयार होतं. फक्त दिवस ठरत नव्हता.

आज त्या चिमूटभर भाताने तो ठरवून टाकला. आपण जिवंत आहोत, एवढं तरी तिला सांगायला हवं होतं.

तेरा पायऱ्या उतरायला त्याला अर्धा तास लागला. खाली आई पाठमोरी बसली होती. केवढीशी झाली होती ती! बाबांच्या फोटोपुढे त्याचं रोजचं जेवण मांडलं होतं. गार झालेलं सूप, काटे काढून ठेवलेला मासा, त्याच्या निळ्या काड्या. फोटोतल्या बाबांना ती म्हणत होती, "खाऊन घे रे, तोमो. मासा निवला बघ."

तोमोहिसाला काही उमजेना. तेवढ्यात पायाखालची फळी करकरली आणि ती वळली. तिचा चेहरा उजळला. अगदी मालिकेतल्यासारखा.

"अगंबाई, बाबा! छापखाना आज इतक्या लवकर सुटला?"

त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"आई," तो म्हणाला.

पण त्या शब्दाचा काय उपयोग! त्यांच्याकडे घराघरांत मूल झालं की नवराबायको एकमेकांची नावं विसरतात. ती नवऱ्याला 'बाबा' म्हणायची, आणि बाबाही जन्मभर तिला 'आई'च म्हणत आले होते.

"आई, मी आहे. मी."

"तुम्हीच आहात, दिसतंय की मला. पोस्टमन समजले की काय मी?"

"तोमोहिसा आहे मी."

तिने झटकन ओठांवर बोट ठेवलं. "हळू! त्याचं नाव असं मोठ्यांदा घेऊ नका. वर ऐकू जातं, लाजतो बिचारा." मग जवळ येऊन तिने त्याच्या स्वेटरचं सुटलेलं बटण लावलं. "आज तुम्ही बोलवा ना त्याला. माझं ऐकून ऐकून कान किटले असतील त्याचे. तुम्ही एकदाही त्याचं दार वाजवलं नाहीत. बापाची हाक आली तर येईल हो तो."

बाबांनी दार कधीच वाजवलं नव्हतं, हे खरं होतं. आपण त्याचीच वाट बघत बसलो होतो का, हे मात्र तोमोहिसाला सांगता आलं नसतं.

तो जिना चढला आणि स्वतःच्या बंद दारापुढे उभा राहिला. या बाजूने ते दार त्याला अनोळखी वाटलं. आई रोज ट्रे ठेवायची तिथलं लाकूड घासून घासून पांढरं पडलं होतं. त्याने दार वाजवलं. दोनदा.

"आला का हो?" खालून आईने विचारलं.

तोमोहिसाने कठडा घट्ट धरला.

"आला, आई. उशीर झाला त्याला."