टोर्लाइफचा कोट

"डावा पाय जरा ओढत चाल," बोर्गहिल्ड कुजबुजली. "पाखरांना तीच चाल ठाऊक आहे."

आयविनने पाय ओढला. अंगातला लोकरीचा कोट त्याचा नव्हता, टोपी त्याची नव्हती, गमबूटही नव्हते. त्याचा म्हणावा असा फक्त कॅमेरा, आणि तोही बाईने जुन्या पिशवीत लपवायला लावला होता.

तीन वर्षं तो या बेटावर यायची परवानगी मागत होता. आयडर बदकाची मादी पिल्लांना घेऊन पहिल्यांदा समुद्रात उतरते, तो क्षण त्याला टिपायचा होता. तीन वर्षं बोर्गहिल्डचं एकच उत्तर, "विणीच्या दिवसांत परका माणूस नको." आणि काल सकाळी तिचाच फोन. "लगेच निघ. उंची किती तुझी?"

आज पहाटे धक्क्यावर ती स्वतः वल्ही मारत न्यायला आली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, दीड तास. इंजिनाचा आवाज या दिवसांत बेटाजवळ कुणी आणत नसे.

"टोर्लाइफकाका कुठे आहेत?" घरात शिरताना त्याने विचारलं होतं.

"आत आहे," आतल्या बंद दाराकडे न बघता ती म्हणाली. टेबलावर तिने तीन कप मांडले आणि एक उचलून परत फळीवर ठेवला. "उत्तरेचा किनारा माझा, दक्षिणेचा त्याचा. लग्न झाल्यापासूनची, सत्तेचाळीस वर्षांची वाटणी आहे. त्याच्या बाजूच्या पाखरांना माझी सवय नाही. आज तिथे तू उभा राहायचंस."

"मग आधी त्यांना भेटून येतो."

"पाखरं उतरू देत आधी."

मग तिने हात जोडून रोजचं स्तोत्र म्हटलं, ओठांतल्या ओठांत. तोवर कॉफी निवून गेली.

एके काळी तीनशे आयडर यायच्या इथे. यंदा सात. दोघा म्हाताऱ्यांनी वाहून आलेल्या फळ्यांची त्यांना घरं बांधून दिली होती, शेवाळ वाळवून अंथरलं होतं. काल सातही घरट्यांत अंडी फुटून पिल्लं बाहेर आली होती. पिल्लं सुकली की आया त्यांना पाण्यावर नेणार. त्याआधी बिचकल्या, तर पिल्लं टाकून उडतील आणि या बेटाचं तोंड पुन्हा पाहणार नाहीत.

आयविन पहिल्या फळीपाशी पोचला. आतली तपकिरी मादी अर्धी उठली. मान ताणून तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला. वर काळ्या पाठीचा मोठा कुरव, पिल्लं पळवणारा समुद्रपक्षी, घिरट्या घालत होता. ती उठली की तो झडप घालणारच.

"हलू नकोस," दगडी बांधाआडून बोर्गहिल्डचा आवाज आला. "कोट बघू दे तिला."

बराच वेळ गेला. मग मादीने पंख फुगवले आणि ती पिल्लांवर परत बसली.

आयविनने श्वास सोडला, तोच समुद्रावरून इंजिनाची धडधड ऐकू आली. बेटाची हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या तरंगत्या बोयापाशी ती बंद झाली. शेजारच्या बेटावरचा ओडवार होता. शांत पाण्यावरून त्याचा आवाज स्वच्छ आला.

"काय रे म्हाताऱ्या! दोन दिवस फोन उचलत नाहीस. पत्त्यांत हरलास ते फार लागलं वाटतं!"

"बोलू नकोस," बोर्गहिल्ड म्हणाली. "हात वर कर. उजवा."

आयविनने हात वर केला.

"बघा, अजून फुगलेलाच आहे! बोर्गहिल्ड, त्याच्या कॉफीत साखर घाल जरा!"

हसत हसत ओडवारने होडी वल्ह्यांनी वळवली. तो लांब जाईपर्यंत आयविनचा हात वरच होता.

"मावशी, हे बरोबर नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "काका खूप आजारी आहेत ना? ओडवारला थांबवायला हवं होतं. डॉक्टरला आणू या. फोटो गेले उडत!"

"त्याला काही दुखत नाहीये."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मला नाही, तर कुणाला रे?" तिचा आवाज चढला नाही. "बेटाला दुसऱ्या कुणाची होडी लागू द्यायची नाही, पाखरं उतरेपर्यंत. त्यानेच सांगितलंय, माझा हात धरून. मी शब्द दिलाय."

आयविनने घराकडे पाहिलं. आतल्या खोलीची खिडकी सताड उघडी होती, पडदा ओढलेला. एवढ्या गार वाऱ्यात आजारी माणसाची खिडकी उघडी ठेवते ही बाई! त्याने ठरवलं, शेवटची मादी उतरली की आपण स्वतः फोन करायचा. मग बाई रागावो की काही होवो.

दुपारी भरती आली. पहिली मादी फळीखालून बाहेर पडली. मागे पाच करडे गोळे, दगडांवरून धडपडत. मग दुसरी, तिसरी. आयविनने पिशवीतून कॅमेरा काढला. कुरव दोनदा खाली आला. दोन्ही वेळा आयविन पाय ओढत आड आला.

सातवीला फार वेळ लागला. तिचं शेवटचं पिल्लू खाचेत अडकलं, धडपडून वर आलं, आणि लाटेने त्याला अलगद उचललं. कॅमेऱ्याने तो क्षण पकडला.

"मावशी!" तो ओरडला, आणि पटकन तोंडावर हात दाबला.

"ओरड," बोर्गहिल्ड म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच ती मोठ्याने बोलली. "आता किती का माणसं येईनात."

पाण्यावरच्या सात रांगा तिने बोट दाखवत मोजल्या. मग ओल्या हातांनी केस सारखे केले आणि ती अंगणातल्या झेंड्याच्या काठीकडे गेली. पिल्लं सुखरूप उतरल्याचा आनंद ही दोघं असा साजरा करत असतील, असं आयविनला वाटलं. त्याने हसत कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

देशाचा लाल झेंडा टोकापर्यंत चढला. क्षणभर तिथे फडफडला. मग तिने तो सावकाश खाली घेतला, आणि काठीच्या बरोबर अर्ध्यावर आणून दोरीची गाठ मारली.