ठसा घेण्याआधी

"एकदा बटण दाबलं, की प्रत्येक फायलीचा ठसा घेतला जाईल," मी फडतरेबाईंना समजावलं. नगरपालिकेच्या जन्मनोंदींवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर बसवायला मी आलो होतो. "मग कुणी एक अक्षर जरी बदललं, तरी मशीन बोंब मारणार."

"आणि आज जे चुकीचं आहे, ते?"

"मशीनच्या लेखी आज आहे तेच खरं."

बाईंनी माझं मनगटच धरलं. "मग थांबा जरा."

त्यांनी ड्रॉवरमधून एक अर्ज काढला. तीन बहिणींच्या पाठीवर चौथीही मुलगीच झाली, म्हणून आईबापांनी तिचं नाव ठेवलं होतं नकुशी. आता दहावीला बसताना तिने स्वतःच नवं नाव निवडलं होतं. साहेबांची सहीही झाली होती. "दोन महिने माझ्याच हातून राहिलंय हो," बाई पुटपुटल्या.

मला साडेपाचची एसटी गाठायची होती. तरी मी खुर्ची सोडून उठलो. बाईंनी एका बोटाने, जपून टाइप केलं: सानिका.

मग मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. पहिल्या तपासणीचा निकाल त्या मोठ्यांदा वाचत होत्या, "एकही बदल आढळला नाही."