दूध बाधलं कुणाला

सासूबाई पोपटाला रोज दुधात कुस्करलेला ब्रेड भरवायच्या. तो पिसं फुलवून मलूल बसायला लागला, तेव्हा त्यांनी खापर सुनेवर फोडलं आणि तिलाच पिंजरा उचलायला लावून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

“पक्ष्यांना दूध पचत नाही,” डॉक्टर म्हणाले. “चीजचा एखादा कण कधीतरी चालेल, पण दूध आजपासून बंद.”

परतताना सासूबाई वाटभर पिंजऱ्याला तोंड लावून रडत होत्या. “किती कळा आल्या असतील रे तुझ्या पोटात! माझ्या मेलीच्या लक्षातच आलं नाही.”

घरी येताच त्यांनी पोपटाची वाटी टाकून दिली आणि त्याच्या वाटणीचं दूधही सुनेच्या पेल्यात ओतलं.

“आई, अहो, मलाही दूध पचत नाही,” सून म्हणाली. “चार वर्षं सांगतेय. प्यायले की दिवसभर पोट धरून बसते. पोपटाचं पटलं ना तुम्हाला? मग माझं का नाही पटत?”

सासूबाईंनी पेला तिच्यापुढे सरकवला.



“पोपटाला कामं टाळायची नसतात. तो कशाला ढोंग करेल?”