निरोप, खोकल्यासकट

“नवं यंत्र आलं की तुमची खुर्ची स्टोअरमध्ये जाईल,” साहेब म्हणाले. “म्हणजे फक्त खुर्ची. तुम्ही घरी.”

ऑपरेटरबाईंनी हे वहीत लिहून घेतलं. एकोणीस वर्षं त्या समोरच्याचं बोलणं लिहूनच घेत आल्या होत्या.

पंप विकणारं ऑफिस. दिवसाला दोनशे फोन. त्यातले एकशे नव्वद तक्रारींचे, उरलेले साहेबांच्या बायकोचे. साहेबांना आता आपोआप फोन उचलणारं, निरोप साठवून ठेवणारं यंत्र हवं होतं. कोटेशनं मागवायचं काम बाईंकडेच आलं, कारण पत्र टाइप करता येणारं दुसरं कोणी नव्हतं.

“आता बसा घरी सासूबाईंशी गप्पा मारत,” स्टोअरकीपर म्हणाला.

“त्यांच्याशी गप्पा होत नाहीत. त्या फक्त ऐकून घेतात आणि वर्षभराने शब्दशः परत करतात.”

स्टोअरकीपरने मान हलवली. त्याच्या घरीही एक होत्या.

तीन कोटेशनं आली. शुक्रवारी सकाळी साहेबांनी केबिनमधला फोन स्पीकरवर टाकला. एका बाजूला स्टोअरकीपर, दुसऱ्या बाजूला वही घेऊन बाई.

पहिलं यंत्र गोड आवाजात म्हणालं, “विक्रीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा.” स्टोअरकीपर दाबत गेला. दोन, चार, सात, नऊ. शेवटी आवाज आला, “विक्रीसाठी एक दाबा.”

“अंगठा गेला,” तो म्हणाला.

दुसरं यंत्र निरोप ऐकून कागदावर छापूनही द्यायचं. साहेब स्पष्ट म्हणाले, “पंप बंद पडलाय.” कागदावर आलं, ‘पंत बंड करतोय.’

“भावना पोचतात ना?” समोर बसलेला विक्रेता म्हणाला. त्याला चहा न देताच वाटेला लावलं.

तिसऱ्याचा विक्रेता आलाच नाही. कोटेशनवर एक नंबर होता आणि खाली एक ओळ: ‘माणूस पाठवत नाही. यंत्र स्वतः बोलेल.’

“याला म्हणतात आत्मविश्वास,” साहेब म्हणाले.

चार रिंगनंतर फोन उचलला गेला.

“कोण बोलतंय?”

“माझा पंप पाणी ओढत नाही,” स्टोअरकीपर गिऱ्हाइकासारखा खेकसला.

“खालचा फूट व्हॉल्व्ह बघितला? नाही ना? आधी बघायचं, मग ओरडायचं.”

“बघतो,” स्टोअरकीपर म्हणाला.

साहेब पुढे सरकले. “एक निरोप ठेवायचाय. साहेब मीटिंगमध्ये…” त्यांना खोकला आला. “…आहेत. संध्याकाळी फोन करतील. आता परत ऐकवा.”

“साहेब मीटिंगमध्ये आहेत. संध्याकाळी फोन करतील. मध्ये एकदा खोकलात. मीटिंगचं काही खरं वाटत नाही.”

मागे कुठेतरी बारीक शिट्टी वाजली.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“लाइन तपासत असेल,” बाई वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या.

“ठेवू?” यंत्राने विचारलं.

“ठेवा, ठेवा,” साहेब खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले. मग स्पीकर बंद केला. “हेच घ्यायचं. हुबेहूब माणूस आहे हो.”

कोटेशनच्या तळाशी एक अट होती. यंत्रासोबत ऑफिसात एक कायमस्वरूपी नियंत्रक हवा, टेलिफोनवरचा किमान एकोणीस वर्षांचा अनुभव असलेला.

“आता असा माणूस आणायचा कुठून?” साहेब म्हणाले.

बाई खोकल्या.

दुपारी सही झाली. जुनी खुर्ची स्टोअरमध्ये गेली, ठरल्याप्रमाणे. तिच्या जागी चाकांची नवी आली, पगार वाढला, आणि टेबलावर ‘यंत्रणा नियंत्रक’ अशी पाटी लागली. स्टोअरकीपरने ती स्वतः फडक्याने पुसली आणि बाईंना पहिल्यांदाच ‘मॅडम’ म्हणाला. मॅडमनी खुर्चीत बसून एक पूर्ण गिरकी घेतली.

मग केबिनचं दार बंद असल्याची खात्री केली आणि नंबर फिरवला.

“आई, मीच. पक्कं झालं. सोमवारपासून दहा ते सहा. आणि तेवढा कुकर फोनपासून लांब लावत जा.”

“निरोप घेतला,” सासूबाई म्हणाल्या. “आणि गेल्या वर्षी तू मला म्हणालीस, ‘आई, तुमचं बोलणं ऐकायला कोणाला वेळ आहे?’ ठेवू?”