शहाण्णव टक्के

फ्रीजरखाली पाण्याचं तळं साचलं होतं. नंदिनी दारातच थांबली. शुक्रवार होता, औद्योगिक एस्टेटच्या सुट्टीचा दिवस, आणि तीन वर्षांत ती शुक्रवारी पहिल्यांदाच लॅबमध्ये आली होती. उद्या मोठ्या कंपनीचे लोक पाहणीला येणार होते. त्यांच्यासाठी चाचण्यांच्या आकड्यांचा आलेख जरा चांगल्या कागदावर काढून ठेवावा, एवढ्याचसाठी ती वाशीहून इथे पावणे गावात आली होती.

तिने फ्रीजर उघडला. बर्फाचा मागमूस नव्हता. डब्यातल्या काचेच्या छोट्या कुप्या हाताला कोमट लागल्या.

त्या कुप्यांत परदेशातून सुरुवातीलाच एकदा मागवलेल्या ऑक्सिटोसिनचं द्रावण होतं. बाळंतपणानंतर बाईचा रक्तस्राव थांबवतं, ते. नऊ अमिनो आम्लांची एवढीशी माळ, पण नखरे राजकन्येचे. पुन्हा पुन्हा ऊब लागली की तिचा जोर ओसरतो. हाच माल नंदिनी पावण्याच्या पत्र्याच्या गाळ्यात स्वतः बनवत होती. तो कितपत जमला हे कळायला परदेशी नमुन्याशी तुलना करावी लागे. उंदरीच्या गर्भाशयाची पट्टी कोमट पाण्यात टांगायची, आधी परदेशी थेंब सोडायचे, मग आपले ताजे बनवलेले, आणि कुणामुळे पट्टी किती आकसते ते मोजायचं. प्रत्येक उंदरीची तऱ्हा वेगळी, म्हणून नुसत्या आकसण्याला अर्थ नव्हता. अर्थ होता तो तुलनेला.

सुरुवातीला तिचा माल परदेशी नमुन्याच्या अडतीस टक्के भरला. वर्षभर तो तिथेच अडून बसला. सदतीस, एकोणचाळीस, पुन्हा अडतीस. नंदिनीने हात टेकले, मालकांनी गाळा विकायला काढला. आणि मग आकडा चढू लागला. पंचेचाळीस. साठ. ऐंशी. दर खेपेला तिने कृतीत काही ना काही बदललेलं असायचंच, त्यामुळे आकडा का चढला याचं कारणही आयतं सापडायचं. गेल्या आठवड्यात शहाण्णव आलं. वर्तकसाहेबांनी, म्हणजे मॅनेजरनी, लॅबमधल्या सातही माणसांना पेढे वाटले. मोठी कंपनी लॅब विकत घेणार आणि सातही नोकऱ्या टिकणार, असं ठरत आलं होतं. नाहीतर महिनाअखेर कुलूप. सगळी भिस्त या एका आकड्यावर होती.

"मॅडम, तुमी आज?" वॉचमन भगवानमामा लगबगीने आत आले. ते पावणे गावचेच. ही जमीन एके काळी त्यांच्याच भावकीची होती, आता तिची राखण करून त्यांना पगार मिळे. सात माणसांत तेही होते. "थांबा हां, मेन चालू करतो."

"मेन स्विच बंद होता?"

"आज शुक्करवार ना. बाजूचा गाला जलला तेवापासून सायबांनी सांगितलंय, सुट्टीला मेन बंद. गुरवारी सांजचा बंद करतो, शनवारी पहाटं चालू. दोन वर्सं झाली, एक खाडा नाय." मामांच्या आवाजात अभिमान होता. "ह्यो फ्रीज तेवढा पानी सोडतो. पन तुमी यायच्या आत मी लादी पुसून ठेवतो ना."

दिवे लागले. फ्रीजर घरघरू लागला. त्याच्या दारावर नंदिनीच्याच वळणदार अक्षरातला कागद चिकटवलेला होता: एकदा वितळलेली कुपी पुन्हा गोठवू नये.

ती वही उघडून बसली. शेजारचा गाळा जळाला चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत. आकडा चढायला लागला त्याच वर्षीच्या डिसेंबरात. तिने पानावरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. तिचा माल सुधारलाच नव्हता. तो अडतीसवर होता आणि अडतीसवरच राहिला होता. परदेशी नमुना मात्र दर शुक्रवारी थोडा थोडा मरत खाली आला होता. शेजारी उभा असलेला माणूस खाली बसला म्हणून आपण उंच झालो, असं तिला दोन वर्षं वाटत होतं.

उद्या पाहुण्यांसमोर याच कुप्या काढल्या तर शहाण्णवच येणार होतं. निदान उद्या तरी कुणाला काही कळलं नसतं. मग इंजेक्शनं बाजारात गेली असती, आणि कुठल्या तरी दवाखान्यात एखाद्या बाळंतिणीचं रक्त थांबलं नसतं. नंदिनीला रडू आलं. स्वतःची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला. मग तिने पेन काढलं. शहाण्णववर काट मारून शेजारी अडतीस लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि सही केली. वही वर्तकसाहेबांच्या टेबलावर उघडीच ठेवली.

भगवानमामा लादी पुसता पुसता तिच्याकडे बघत होते. "माजं काय चुकलं का, मॅडम?"

"नाही मामा. तुम्हाला सांगितलं तसंच तुम्ही केलंत."

तिने पर्स उचलली. मामा फडकं टाकून मेनच्या खटक्यापाशी जाऊन उभे राहिले. काहीतरी बिघडलंय आणि त्याचा या खटक्याशी संबंध आहे, एवढं त्यांना कळलं होतं. "तुमच्या औशदाला थंडावा लागतो ना? मंग मी आता कंदीच बंद नाय करनार. सायबांना मी सांगतो. चालूच ठेवू ना?"

नंदिनीने एकवार फ्रीजरकडे पाहिलं.

"बंद करा, मामा," ती म्हणाली. "आता बंदच राहू द्या."